व्हेर्चेल्लीचा खेळ

गुणी मुलें मोठ्या शहरांनी ओढून न्यावीं, ही लहान गांवांची जुनीच कहाणी. इटलीच्या पिएमोन्ते प्रांतांत, भातखाचरांच्या मध्यें वसलेल्या व्हेर्चेल्लीनें ती फुटबॉलच्या मैदानावर अनुभविली. १८९२ सालीं निघालेल्या ‘प्रो व्हेर्चेल्ली’ या व्यायामसंस्थेनें १९०३ सालीं फुटबॉल आरंभिला, आणि १९०८ ते १९२२ या अवधींत सात वेळां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें! १ मे १९१३ रोजीं बेल्जमशीं खेळलेल्या इटलीच्या अकरा गड्यांपैकीं नऊ याच संघाचे होते.

पुढें खेळांत पैसा शिरला. येथेंच तयार झालेला सिल्व्हिओ पिओला १९३४ सालीं रोमच्या लात्सिओ संघानें नेला. दुसऱ्याच वर्षीं व्हेर्चेल्ली पहिल्या श्रेणींतून घसरलें, तें आजतागायत वर चढलें नाहीं. इकडे पिओलानें १९३८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत दोन गोल करून इटलीस जिंकून दिलें.

गांवानें त्याच्यावर राग धरला काय? छे! तेथील क्रीडांगणास आज पिओलाचेंच नांव आहे. हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांची कीर्ति दुरूनच ऐकणाऱ्या आम्हां अध्यापकांस या गांवाचें मन सहज कळतें. त्याच्याइतका मोठेपणा मात्र आम्हांस नेहमींच साधतो, असें नाहीं.