मामाची पेटी आणि एक चुकीचं लेबल

तर झालं असं की गेल्या महिन्यात मामीचा फोन आला. "घराला रंग काढतोय, माळा रिकामा करायचाय. मामा म्हणतोय ती फुलपाखरांची पेटी बंबात घालतो. तुला हवी असली तर ये, नाहीतर जाऊ दे."

बंबात?! मी त्याच शुक्रवारी रात्रीची सावंतवाडीची बस पकडली.

आता ही पेटी म्हणजे काय ते सांगायला हवं. मामा ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. पोरांना दाखवायला म्हणून त्याने फुलपाखरं जमवली होती. सागवानी पेटी, वर काच, आत थर्माकोलवर टाचलेली चौसष्ट फुलपाखरं आणि कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या. त्यातली निम्मी तरी स्वॅलोटेल. मागच्या पंखांना शेपट्या असतात ना, ती मंडळी. (सगळ्यांना शेपटी असतेच असं नाही. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, याच घराण्यातलं, पण बिनशेपटीचं.)

१९९९ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी अकरा वर्षांचा होतो. मामा मला एसटीने आंबोलीला घेऊन गेला. माझ्या हातात जाळी आणि त्याच्या शबनममध्ये वर्तमानपत्राच्या कागदाची त्रिकोणी पाकिटं. घाणेरीच्या झुडपावर एक काळं फुलपाखरू बसलं होतं. मागच्या पंखावर पांढरा डाग, कडेला लाल चंद्रकोरी. मी जाळी मारली आणि चक्क पहिल्याच फटक्यात सापडलं.

"कॉमन रोझ!" मामा म्हणाला. मग त्याने दोन बोटांनी त्याच्या छातीला हलकेच दाब दिला. फडफड थांबली. मी रडायला लागलो. मामा काही बोलला नाही, पाकिट बंद करून त्यावर पेन्सिलीने तारीख लिहिली. घरी आल्यावर मधे खाच असलेल्या फळीवर पंख पसरून, कागदाच्या पट्ट्या लावून ते चार दिवस वाळत ठेवलं. शेवटी लेबल. 'कॉमन रोझ. आंबोली. १४-११-१९९९.' आणि खाली पकडणाऱ्याचं नाव. माझं! रडणं कधीच विसरलो होतो. शाळेत जाऊन वर्गभर सांगितलं.

मग मी मोठा झालो. (म्हणजे मला तसं वाटलं.) पुण्यात नोकरी लागली, दुसऱ्या वर्षीच्या बोनसमध्ये डीएसएलआर घेतला, आणि वीकेंडला ताम्हिणी, मुळशी, भीमाशंकर असं फुलपाखरांमागे फिरायला लागलो. नवा मुसलमान जास्त बांग देतो म्हणतात, तसं माझं झालं. "फोटोशिवाय काही घ्यायचं नाही" वगैरे. २०११ साली मावसबहिणीच्या लग्नात, पंगतीत, दहा जणांसमोर मी मामाला म्हणालो, "तुझी पेटी म्हणजे स्मशान आहे. आणि मला अकराव्या वर्षी तू खून करायला शिकवलास."

मामा जिलबी खात होता. त्याने पान बाजूला केलं आणि हात धुवायला गेला. त्यानंतर आम्ही भेटायचो, बोलायचो, पण फुलपाखरांवर एक शब्द नाही. चौदा-पंधरा वर्षं.

असो.

शनिवारी सकाळी पोचलो. मामाला आता एका डोळ्याने नीट दिसत नाही. मी पेटी ओटीवर उजेडात आणली. काच पुसली. साध्या टाचण्यांना गंज चढलेला, पाचसहा फुलपाखरांचा कीड लागून भुगा झालेला, पण बाकीची शाबूत होती. सदर्न बर्डविंग अजून तस्संच पिवळं जर्द. हे आपल्या सह्याद्रीतलं दांडगं फुलपाखरू. १९३२ साली नोंदलेल्या १९० मिलिमीटरच्या मापावर ते भारतातलं सगळ्यात मोठं म्हणून मिरवायचं. २०२० मध्ये उत्तराखंडातल्या गोल्डन बर्डविंगची १९४ मिलिमीटरची मादी निघाली आणि मुकुट गेला. चार मिलिमीटरने!

आणि खालच्या रांगेत माझं 'कॉमन रोझ'.

मी बघतच राहिलो. कारण ते कॉमन रोझ नव्हतंच.

थोडं समजावून सांगतो. कॉमन रोझची अळी सापसणीच्या वेलीवर वाढते. कोकणात ईश्वरी पण म्हणतात तिला. त्या वेलीतलं विष अळी अंगात साठवते आणि ते फुलपाखरातही उतरतं. पक्ष्याने एकदा खाल्लं की पुन्हा वाटेला जात नाही. आता कॉमन मॉरमॉन नावाचं दुसरं फुलपाखरू घ्या. याची अळी लिंबावर, कढीपत्त्यावर वाढते. विषबिष काही नाही, पक्ष्यांना मेजवानी. पण याच्या माद्या तीन वेषांत येतात. एक नरासारखीच दिसते, काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा. दुसरी हुबेहूब कॉमन रोझ. तिसरी क्रिमझन रोझ. म्हणजे बाकी दोघी दुसऱ्याच्या नावाची पाटी दारावर लावून फिरतात. (मॉरमॉन हे नावही एका नवऱ्याच्या अनेक बायका यावरून केलेला साहेबी विनोद आहे असं म्हणतात.)

मग ओळखायचं कसं? पंख बघायचेच नाहीत. अंग बघायचं. रोझचं डोकं आणि पोट लाल असतं. मॉरमॉन कितीही नटली तरी तिचं अंग काळंच राहतं. वेष पंखांवर आहे, अंगावर नाही. उडण्यातही फरक आहे. रोझला कुणाची भीती नाही, ती आरामात तरंगत जाते. मॉरमॉन डोळ्याला रोझसारखी दिसते, पण जरा चाहूल लागली की सटकते.

माझ्या फुलपाखराचं अंग काळं कुळकुळीत होतं.

दहा मिनिटं मी गप्प होतो. खरं सांगू? पहिल्यांदा मनात एक कुजका आनंद झाला. अख्खं आयुष्य जीवशास्त्र शिकवलं आणि हे कळलं नाही! मग वाटलं, जाऊ दे, आता सत्तरी उलटली त्याची, कशाला सांगायचं. पंगतीतली जिलबी आठवली. पण मग हेही आठवलं, की चुकीचं लेबल बघून गप्प बसायचं हे त्यानेच मला कधी शिकवलं नव्हतं.

"मामा, हे रोझ नाहीये."

"आण इकडे." त्याने भिंग काढलं. चांगल्या डोळ्याशी धरून दोन मिनिटं बघत राहिला. आणि मग असा हसला की मामी आतून धावत आली.

"अगो, पंचवीस वर्षां फसलंय मी! पोटच नाय बघूक!"

मी म्हटलं, मामा, तू एकटा नाहीस. खुद्द लिनियसने १७५८ मध्ये या फुलपाखराच्या नराला आणि मादीच्या या रूपाला दोन वेगळ्या जाती म्हणून नावं दिली होती. वॉलेसने १८६५ च्या त्याच्या निबंधात मलाय बेटांवरच्या स्वॅलोटेलांचा हिशेब मांडला, त्यात एकाच जातीच्या माद्या अशा वेगवेगळ्या रूपांत असू शकतात हे दाखवलं. तेही कशाच्या जोरावर? जमवलेल्या, लेबल लावलेल्या पेट्यांच्या.

हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं आणि मीच थबकलो. मामा काही बोलला नाही. बोलायची गरज नव्हती.

मग मी त्याला पुढची गोष्ट सांगितली. २०१४ मध्ये कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की या माद्यांचा हा सगळा कारभार 'डबलसेक्स' नावाच्या एका जनुकावर चालतो. पंखांचा रंग, नक्षी, सगळं. हे जनुक कीटकांत नर-मादी घडवण्याचं काम करणारं म्हणून आधीपासून माहीत होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर कुणी नवीन मोड्यूल लिहिलंच नाही. जुन्याच फंक्शनमध्ये एक फ्लॅग आला, आणि तो बदलला की अख्खं आउटपुट वेगळं. मामाने तीन वेळा विचारलं, "एकच जनुक?" त्याच्या वेळी पुस्तकात हे अनेक जनुकांच्या घट्ट जोडगोळीचं काम मानलं जायचं. तो वर्गात तेच शिकवत आला होता. रिटायर झालेल्या माणसाला नवा सिलॅबस मिळाल्यावर जो आनंद होतो तो मी त्या ओटीवर पाहिला.

मी टाचणीवरचं जुनं लेबल काढायला गेलो तर त्याने हात धरला. "काढायचं नाही. जुनं लेबल कधीच काढत नाहीत. नवं त्याच्या खाली लावायचं. कुणी ओळखलं, कधी ओळखलं ते लिहून." संग्रहालयांत असंच करतात. चूकसुद्धा नोंदीचा भाग असते. (आम्ही गिट वापरून जे करतो ते हे लोक शेकडो वर्षं टाचणीवर करत आलेत!)

मग नवं लेबल मी लिहिलं. 'कॉमन मॉरमॉन, मादी, रोझसारखं रूप.' खाली माझं नाव आणि साल. पकडणारा मीच, ओळखणाराही मीच. मधे पाव शतक.

चहा घेताना मामाने सहज विचारलं, "तुझ्याकडे किती फोटो आहेत?"

"चौदा हजार असतील."

"लेबलं?"

च्यायला. चौदा हजार फोटो, तीन हार्डडिस्क. अर्ध्या फोल्डरचं नाव 'न्यू फोल्डर'. एक अख्खं वर्ष कॅमेऱ्याची तारीख चुकीची होती. कुठे काढला, कधी काढला, काही पत्ता नाही. एकही जीव न मारता मी जे जमवलं त्यातून कुणाला काही कळणार नाही. आणि त्याने मारलेल्या त्या एका मॉरमॉनवरून १४ नोव्हेंबर १९९९ ला आंबोलीत काय उडत होतं हे आजही सांगता येतं.

याचा अर्थ उद्यापासून जाळी घेऊन निघा असा नाही हां. अनेक फुलपाखरांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि हौसेखातर मारायचं आज काहीच कारण नाही. पापुआ न्यू गिनीतलं क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग, जगातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू, त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारच बंद करावा लागला इतकी संग्राहकांची हाव. माझं मत बदललेलं नाही. फक्त ते मत मी पंगतीत ज्या माणसावर फेकून मारलं होतं, तो माणूस चुकीचा होता.

निघताना हे त्याला सांगितलं. नीट जमलं नाही, पण सांगितलं. तो म्हणाला, "अरे, तू रडला होतास ना तेव्हा, मलाही वाईट वाटलं होतं. म्हणून तर लेबलावर तुझं नाव लिहिलं."

पेटी आता त्याच्याच जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाणार आहे. मी दर शनिवारी सकाळी दोन तास फोटोंना तारीख आणि जागा लावतो. ज्यांचं काहीच आठवत नाही ते बाजूला ठेवतो. आत्तापर्यंत सहाशे बारा झालेत.

कढीपत्त्याच्या कुंडीत परवापासून एक अळी आहे. बायको म्हणतेय, फोडणीला पाने उरणार नाहीत. मी म्हटलं, बाजारातून आणू. मॉरमॉनच असणार. मादी निघाली तर कुठल्या वेषात येते ते बघायचंय.

तारीख लिहून ठेवली आहे.