आजीचा अर्धा चेहरा

रिद्धपूरला येणारे लोक मठ-मंदिरांचे फोटो काढून नेतात. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते हे गाव, त्यामुळे गावाचे फोटो पुष्कळ. आमच्या वस्तीचा सबंध फोटो मात्र एकच आहे, आणि तोही तीन तुकड्यांचा.

14 एप्रिल 1991, रविवार. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा दिवस. अमरावतीच्या मामांकडून आम्ही दोघा भावांनी हॉटशॉट कॅमेरा मागून आणला होता. मिरवणुकीआधी सारी वस्ती एका फोटोत घ्यायची असे ठरवले. रोलमध्ये फोटो उरले होते तीन. सगळ्यांना विहाराच्या भिंतीशी सरळ रांगेत उभे केले. गल्ली अरुंद, मागे सरकायला जागा नाही. मग एका जागी उभे राहून डावीकडे एक, समोर एक आणि उजवीकडे एक असे तीन फोटो काढले.

असे फोटो काढताना पुढच्या फोटोत मागच्याचा तिसरा हिस्सा तरी पुन्हा घ्यावा लागतो. हे आम्हाला कोण सांगणार? आम्ही कडेला कडा लावली. शिवाय रांग सरळ, म्हणून मधली माणसे मोठी आणि टोकाची बोटाएवढी आली. टोकाच्या घरांनी पुढे कित्येक दिवस ऐकवले, “आमालेच बारके केले!” अमेरिकेत 1904 पासून फिरत्या कॅमेऱ्याने लांबलचक फोटो निघत. ते फोटोवाले माणसांना चंद्रकोरीसारखे उभे करीत. फेलिस बेआटोने 1858 मध्ये जामा मशिदीवरून सारी दिल्ली अशीच तुकड्यातुकड्यांनी टिपली होती. पण इमारती हलत नाहीत.

आमची आजी हलली. ती नेमकी पहिल्या दोन फोटोंच्या सांध्यावर उभी होती, आणि मधल्या क्षणी कुण्या पोराला रागवायला वळली. साडेतीन बाय पाच इंचांच्या प्रती आल्या. यंत्राने प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा धरला, त्यामुळे चुन्याची भिंत तीन रंगांची झाली. ते चालले असते. पण चिकटपट्टीने जोडले तेव्हा आजीचा अर्धा चेहरा इकडे पाहणारा, अर्धा तिकडे. पोरे हसली. आजी म्हणाली, “मले कायले फाडलं रे पोट्टेहो?” आम्हीही हसलो.

1994 च्या पावसाळ्यात आजी गेली. तिचा दुसरा फोटोच नव्हता. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही तो जोडफोटो मांडायला काढला, तर मायने हातातून घेऊन पेटीत ठेवला. “असं तोंड नोका दाखवू तिचं,” एवढेच बोलली.

गेल्या वर्षी धाकट्याच्या मुलीने तो कॉम्प्युटरवर जोडायला घेतला. हल्लीचे प्रोग्राम दोन्ही फोटोंत सारख्या असलेल्या खुणा शोधतात, विटेचा कोपरा, पोपडा, फांदी, आणि त्या एकमेकींवर बसवतात. आमच्या प्रतींत सारखे काहीच नव्हते. तिने विचारले, “मोठेबाबा, निगेटिव्ह आहे का?”

रेशनकार्डाच्या पिशवीत पट्टी सापडली. निगेटिव्ह 36 मिलिमीटर रुंद आणि 24 उंच. साडेतीन बाय पाचची प्रत तिच्याहून आखूड, म्हणून छापताना दोन्ही कडा थोड्या कापल्या जातात. आम्ही इतकी वर्षे कापलेलाच फोटो पाहत होतो! पोरीने पट्टी दिव्यासमोर धरली, मोबाईलने फोटो घेतला, रंग उलटे केले. पहिल्याच चौकटीच्या कडेला आजी पुरी होती. डोक्यावर पदर, नजर सरळ आमच्याकडे.

त्या चिंचोळ्या कडेवर प्रोग्रामचे नीट जमेना, तेव्हा पोरीने हाताने खुणा लावल्या. जोड तिने आजीच्या पलीकडे, भिंतीच्या मोकळ्या जागेतून नेला.

दोन फूट लांब प्रत काढून मायपुढे ठेवली. तिने चष्मा पुसला, पुन्हा लावला. “कानातलं दिसून राह्यलं व तिचं,” म्हणाली.

टोकाची माणसे अजून बोटाएवढीच आहेत. त्याला आता इलाज नाही.