बियरचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. म्हणजे कूळ-मूळ शोधण्यावरच आमचा चरितार्थ. कादंबरी कोठून आली, लघुकथा कोणाची, बाहेरून आलेले आपले कधी झाले, हे प्रश्न वर्षारंभी वर्गापुढे मांडायचे आणि वर्षाखेरीस त्यांची उत्तरे तपासायची. त्यामुळे टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे धाकट्या भावाने जेवणाआधी मेक्सिकन बियरच्या बाटल्या पुढे ठेवल्या, तेव्हा आम्हांला चवीइतकीच तिच्या वंशावळीची उत्सुकता वाटली.

चवीबद्दल फार लिहिण्याजोगे नाही, आणि हाच तिचा स्वभाव. पारदर्शक बाटलीतून दिसणारा वाळल्या गवताचा रंग, हलके अंग, कडवटपणा जेमतेम, मद्यार्क साडेचार टक्क्यांच्या आसपास. जवाच्या माल्टसोबत मका किंवा तांदूळ घातल्याने आलेला हा हलकेपणा. बाटलीच्या तोंडात लिंबाची फोड. पारदर्शक काचेतून प्रकाश आत गेला की हॉप्समधील कडू द्रव्ये विघटित होऊन उग्र दर्प निर्माण होतो. लिंबू तो झाकते, असे काही जण सांगतात. ऊन आणि मिरची यांना सोबत करावी, स्वतः फार बोलू नये, अशी ही बियर आहे.

कूळ मात्र बोलके निघाले. 1841 मध्ये व्हिएन्नाजवळच्या श्वेखाट येथे आंटोन ड्रेहर याने तांबूस लागर बाजारात आणली. पुढच्याच वर्षी बोहेमियातील पिल्झेन येथे योसेफ ग्रोल याने सोनेरी लागर केली. हॅब्सबर्ग घराण्यातला माक्सिमिलिआन 1864 ते 1867 मेक्सिकोचा सम्राट होता, म्हणून तिथल्या बियरचे श्रेय लोककथा त्याला देऊन टाकते. पण 1867 मध्ये त्याला गोळ्या घालून ठार केले, आणि मोठे कारखाने आले ते पुढे: मोंतेर्रेचा क्वाउतेमोक 1890 मध्ये, मेक्सिको शहरातील मोदेलो 1925 मध्ये. सम्राटापेक्षा आगगाडी, बर्फाची यंत्रे आणि स्थलांतरित जर्मन कारागीर यांचा वाटा मोठा. व्हिएन्नातून पुढे जवळजवळ नाहीशी झालेली तांबूस लागर मेक्सिकोत टिकून राहिली. फिकट लागरने मात्र बाजार जिंकला. आणि मका? त्याचे माहेरच मेक्सिको. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तो तिथे माणसाळला. पण लागरमध्ये तो घालण्याची रीत रुजवली अमेरिकेतील जर्मन बियरवाल्यांनी, तिथले जव प्रथिनांनी जड म्हणून. घरचे धान्य परक्याच्या पाककृतीतून घरी परतले!

इथवर आम्ही खूश होतो. संकराच्या या कथेवर एक उत्तम व्याख्यान सहज झाले असते. अडलो ते पुल्केपाशी.

घायपाताच्या कुळातील मॅग्वे या वनस्पतीच्या गाभ्यातला गोड रस म्हणजे अग्वामिएल. तो आंबला की पुल्के. स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीपासून तिला देवकार्यात मान होता. विसाव्या शतकात बियरच्या जाहिराती स्वच्छतेची आणि आधुनिकतेची भाषा बोलू लागल्या, आणि पुल्के घाणेरडी, अडाण्यांची ठरली. ती लवकर आंबावी म्हणून तिच्यात विष्ठेची पुरचुंडी सोडतात, अशीही वावडी पसरली. अग्वामिएल म्हणजे नीरा आणि पुल्के म्हणजे माडी, हे आमच्या ध्यानी आले आणि आम्ही दोघेही गप्प झालो.

आमच्यापैकी एकाचे आजोबा रत्नागिरीकडे माडी काढत. पहाटे माडावर चढायचे, पोयीला छेद द्यायचा, मडके बांधायचे. दारूबंदीच्या कायद्याने नीरेला परवानगी राहिली, माडी गुन्हा ठरली. आजोबांनी कोयती आढ्याला खोचली ती कायमची. पुढे घरात शिक्षण आले, प्रमाणभाषा आली. पदव्युत्तर प्रवेशाच्या अर्जात घराण्याचा व्यवसाय ‘शेती’ असा लिहिला गेला. माडीचा आंबूस वास मुलाखतीपर्यंत येऊ नये, म्हणून. ही लबाडी कोणी सांगितली नव्हती. वर्गात काय शिष्ट आणि काय अशिष्ट हे आपोआप कळत होते, आणि आज तेच आम्ही शिकवतो आहोत.

बाहेरून आलेले आपले कसे झाले, हा प्रश्न आम्ही वीस वर्षे विचारला. ते आपले होताना आपले काय ओशाळून मागच्या दाराने बाहेर गेले, हे कधी विचारले नाही. मेक्सिकोत अलीकडे तरुण मंडळी पुन्हा पुल्केकडे वळू लागली आहेत, हे वाचून बरे वाटले. पण आमचा प्रश्न त्याने सुटत नाही.

भावाने विचारले, “कशी वाटली?” आम्ही म्हणालो, छान आहे, हलकी आहे. ते खरेच होते. आजोबांच्या हातची माडी मात्र आमच्यापैकी कोणीच कधी चाखलेली नाही.