खिंडसीकाठची रात्र

ज्येष्ठांना घेऊन जुन्या गाडीतून मुक्कामी निघणार असाल, तर नागपूरहून सुमारे 50 किलोमीटरवरचा, रामटेकजवळील खिंडसी तलाव पहिल्या प्रवासासाठी उत्तम. अंतर थोडे आणि तलाव खुर्चीत बसूनही मनसोक्त पाहता येतो.

आमची गाडी म्हणजे मित्राने आत दोन बाक बसवून घेतलेली जुनी मॅटाडोर. डिसेंबरात पाण्याकाठी असा गारठा, की वडिलांसाठी मी कोळशाची शेगडी आत घेतली आणि काचा लावल्या. डॉक्टर असूनही! तासाभरात त्यांचे डोके दुखू लागले, मळमळ सुरू झाली. प्रवासाचा शीण असेल, असे समजून बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा 97. माझेही डोके जड झाले, तेव्हा कुठे उमगले. दार उघडून त्यांना बाहेर काढले आणि तडक रुग्णालय गाठले.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या 200हून अधिक पट घट्ट चिकटतो आणि साध्या ऑक्सिमीटरला हा भेद कळत नाही. निखारे विझत आले तरी हा वायू सुटतच असतो. इंजिन चालू ठेवून झोपण्यातही हाच धोका. जुन्या गाडीचा सायलेन्सर गळका असेल तर अधिकच. बंद गाडीत दोघांचे डोके एकदम दुखू लागले, तर आधी सर्वांना मोकळ्या हवेत आणा, मग 108 क्रमांक फिरवा.

जानेवारीत आम्ही पुन्हा खिंडसीला गेलो. वडिलांनी स्वतःच दोन गोधड्या आणि कानटोपी बांधून घेतली होती.