जुन्या चर्चेत उशिरा येताना

चार-पाच वर्षांपूर्वी थांबलेली एखादी चर्चा वाचनात येते आणि त्यात भर घालण्यासारखं काही हाती असतं. अडचण एवढीच, की चर्चा चालू होती तेव्हा आपण तिथे नव्हतो. मूळ इमेल आपल्या मेलबॉक्समध्ये आलेलीच नाही, मग 'रिप्लाय' दाबायचं कशावर? लिनक्सच्या कर्नलवर काम करणाऱ्यांना हा प्रश्न वरचेवर पडतो, कारण तिथला कोड आणि त्यावरची चर्चा आजही मुख्यतः इमेलनेच चालते.

नवखा माणूस सहसा जुना विषय जसाच्या तसा उतरवतो, आधी 'रे:' लावतो आणि पाठवून देतो. कधी ते खपूनही जातं. पण नातं खरं जुळतं ते इमेलच्या वरच्या, एरवी न दिसणाऱ्या ओळींत. प्रत्येक इमेलला स्वतःचा 'मेसेज-आयडी' असतो: कोनी कंसात अक्षरं-आकडे, मध्ये 'ॲट'चं चिन्ह. उत्तराच्या 'इन-रिप्लाय-टू' या ओळीत मूळ इमेलचा हा आयडी जातो. 'रेफरन्सेस'मध्ये मूळ इमेलच्या आधीच्या इमेलांचे आयडी ओळीने येतात आणि शेवटी तिचा स्वतःचा. अख्खी वंशावळच म्हणा ना! 1982च्या 'आरएफसी 822' या मानकातही या तिन्ही ओळी आहेत.

म्हणून जाणकार मंडळी आधी चर्चेच्या ऑनलाइन संग्रहातून मूळ इमेल 'एमबॉक्स' फाईलच्या रूपात उतरवून घेतात, आपल्या मेल-प्रोग्रॅममध्ये आणतात आणि तिथून 'रिप्लाय ऑल' करतात. बाकीचं प्रोग्रॅम पाहतो. पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवायचा असेल तर 'गिट सेंड-ईमेल'ला मूळ आयडी सांगता येतो.

एवढ्याने यंत्राचं समाधान होतं. ज्याला उत्तर द्यायचं, तो मात्र मधल्या काळात दुसऱ्या कामाला लागलेला असतो. आपण तेव्हा नेमकं काय म्हटलं होतं हे त्याला आठवेलच असं नाही. खरं कसब इथे लागतं. त्याच्या मजकुरातल्या मोजक्या दोन-चार ओळी ठेवाव्यात, उरलेल्या निर्दयपणे कापाव्यात, आणि प्रत्येक मुद्द्याच्या खालीच आपलं म्हणणं लिहावं. संपूर्ण जुना मजकूर शेपटासारखा खाली सोडून वर एक ओळ खरडणं हा वाचणाऱ्यावर अन्याय आहे. संदर्भापुरताच मजकूर ठेवा, असं 1995 साली इंटरनेटवरच्या शिष्टाचारासाठी निघालेल्या 'आरएफसी 1855'नेही सांगून ठेवलं आहे.

त्याही आधी सगळी चर्चा शेवटपर्यंत वाचायला हवी. आपली शंका तिसऱ्याच कुणी काढलेली असते, पॅचही कधीच स्वीकारला गेलेला असतो. नोकरी बदललेल्यांचे जुने पत्ते बंद पडलेले असतात. त्यांचे नवे पत्ते अलीकडच्या 'कमिट'मध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदींत, बहुधा सापडतात.

आणि विषयच पुढे सरकला असेल तर नवा विषय लिहून कंसात 'वॉज:' आणि पुढे जुना विषय ठेवायची रीत आहे. जीमेल विषय बदलताच वेगळं संभाषण दाखवतं, तरी 'रेफरन्सेस'ची ओळ शाबूत असल्याने संग्रहात ही इमेल तिच्या मूळ चर्चेखालीच सापडते.