सेटर कुठे लपली आहे?

पॅरिस, 11 ऑगस्ट 2024. ऑलिंपिकमधला महिलांच्या व्हॉलीबॉलचा अंतिम सामना, इटली विरुद्ध अमेरिका. अमेरिकेची सर्व्हिस होणार आहे आणि इटलीच्या बाजूला भलताच प्रकार चालू आहे. कोर्टाचा केवढा तरी भाग मोकळा सोडून खेळाडू एकीकडे दाटीवाटीने उभ्या आहेत. सेटर आलेस्सिया ओर्रो तर एका सहकारी खेळाडूच्या पाठीशी अगदी खेटून उभी राहते, जणू तिला कुणी पाहूच नये. सर्व्हिस झाली रे झाली की सगळ्या इकडून तिकडे पळतात, आणि क्षणभरात सहाही जणी आपापल्या ठिकाणी असतात.

नवख्या प्रेक्षकाची नजर चेंडूला चिकटलेली असते, त्यामुळे ही पळापळ त्याला दिसतच नाही. एकदा दिसली की मात्र पुढचा सगळा सामना तो तीच पाहत बसतो.

आपल्या बाजूच्या कोर्टात सहा जागा. मागे उजवीकडे एक नंबर, सर्व्हिस करणारी खेळाडू तीच. तिच्या पुढे जाळ्यापाशी दोन, मग मधली तीन, डावीकडची चार. चारच्या मागे पाच आणि मागच्या ओळीत मध्यभागी सहा. आकडे घड्याळाच्या उलट दिशेने वाढतात, खेळाडू मात्र घड्याळाच्या दिशेने सरकतात. प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस मोडून गुण मिळवला की प्रत्येकीने एक घर पुढे जायचं, हेच रोटेशन. जाळ्यापासून तीन मीटरवर एक आडवी रेषा असते. मागच्या ओळीतल्या खेळाडूने ती ओलांडून, जाळ्याच्या उंचीवरून स्मॅश मारायचा नाही. ब्लॉक तर तिने करायचाच नाही.

किती न्यायी आहे हा रोटेशनचा नियम! गावच्या मैदानावर सगळ्यात उंच मुलगा जाळ्यापाशी ठाण मांडतो आणि बुटका कायम मागे अंडरहँड घेत राहतो. आशियात पूर्वी नऊ जणांचं व्हॉलीबॉल जोरात होतं, त्यात रोटेशन नव्हतंच. 1958 आणि 1962च्या आशियाई खेळांत नऊ जणांचा आणि सहा जणांचा असे दोन्ही प्रकार खेळवले गेले. 1962मध्ये जकार्त्यात भारताच्या पुरुषांनी सहांच्या प्रकारात रौप्य मिळवलं. सहांच्या खेळात जाळं कुणाच्या मालकीचं नसतं. प्रत्येकाला पुढे यावं लागतं आणि मागेही जावं लागतं.

पण सेटर एकच, आणि दुसऱ्या स्पर्शाला, स्मॅशसाठी चेंडू उचलून द्यायला, तिने जाळ्यापाशी असायलाच हवं. पंगतीतल्या वाढप्यासारखं तिचं काम: कुणाच्या पानात काय पडणार, हे तिच्या हातात. म्हणून मागच्या ओळीत असतानाही ती सर्व्हिसपूर्वी नियमात बसेल इतकी पुढे सरकून उभी राहते. आपल्या समोरच्या खेळाडूच्या मागे आणि शेजारणीच्या योग्य बाजूला राहिलं की झालं. अंतर किती असावं, याचं बंधन नाही. पाच नंबरवर असेल तर सर्व्हिसनंतर तिला कोर्टाच्या डावीकडून उजवीकडे धावत यावं लागतं. सेटर एक नंबरवर असते तेव्हाची रचना आणखी गमतीची. तिच्या कर्णावरची ऑपोझिट चारवर अडकते, मग एरवी उजवीकडून मारणारी ती बहुधा डावीकडून मारते आणि डावीकडची आउटसाइड हिटर उजवीकडून. नवख्या प्रेक्षकाने कागदावर सहा चौकोन काढून एकदा तरी ही फिरकी फिरवून पाहावी. डोक्यात लख्ख उजेड पडतो.

वेगळ्या रंगाच्या जर्सीतली लिबेरो 1998 साली खेळात आली. ती फक्त मागच्या ओळीत खेळते, तिची ये-जा बदली खेळाडूंच्या हिशेबात धरत नाहीत आणि तिला ब्लॉक करता येत नाही. इटलीची लिबेरो मोनिका दे जेन्नारो अंतिम सामन्याच्या दिवशी 37 वर्षांची होती. तिने उचललेला चेंडू बघताना स्मॅशपेक्षा पास सुंदर वाटू लागतो, आणि ते खरंच आहे.

ओर्रो पुढच्या ओळीत आली की स्मॅशसाठी प्रसिद्ध असलेली ऑपोझिट पाओला एगोनू मागे गेलेली असते, म्हणजे जाळ्यापाशी मारणाऱ्या दोघीच उरतात. इटलीचा तोडगा असा: दोघींनाही बाहेर बोलवायचं. ओर्रोच्या जागी ऑपोझिट एकातेरिना अँत्रोपोव्हा, एगोनूच्या जागी सेटर कार्लोत्ता कांबी. पुढे पुन्हा तिघी मारणाऱ्या. जाताना दोन बदल, परत येताना दोन, आणि एका सेटमध्ये एकूण सहाच मिळतात. ही उधळपट्टी करायला प्रशिक्षकाचा जीव मोठा हवा.

तो प्रशिक्षक म्हणजे हुलिओ वेलास्को. अर्जेंटिनातल्या ला प्लाता शहरात 1952 साली जन्मलेला, तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. 1983मध्ये तो इटलीत आला, मोदेनाला ओळीने चार वेळा इटलीचं विजेतेपद मिळवून दिलं आणि 1989मध्ये पुरुषांचा राष्ट्रीय संघ हाती घेतला. 1990 आणि 1994ची जगज्जेतेपदं त्या संघाची. ऑलिंपिक सुवर्ण मात्र हुकलं. 1996ला अटलांटाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध पाचवा सेट 17-15 असा गेला, दोन गुणांनी!

वेलास्को आपल्या भाषणांत बहाण्यांच्या संस्कृतीबद्दल बोलतो, आणि व्हॉलीबॉल शिकणाऱ्याला त्याहून चांगला धडा क्वचित मिळेल. स्मॅश बाहेर गेला की मारणारा मागे वळून सेटरकडे बघतो: सेट नीट आला नाही. सेटर पास देणाऱ्याकडे बघतो: पासच वाकडा होता. पास देणाऱ्याच्या मागे कुणी नसतं, म्हणून तो वर दिव्याकडे बोट दाखवतो: डोळ्यांवर उजेड आला. म्हणजे सामना हरला तो इलेक्ट्रिशियनमुळे! यावर वेलास्कोचा नियम साधा होता. मारणाऱ्याने सेटबद्दल बोलायचंच नाही. वाईट सेट येणारच आहेत, त्यांचं काय करायचं ते शोधायचं.

या एका साखळीत खेळाची सगळी रचना येते. चेंडू पकडून ठेवता येत नाही, कुणी एकटा सलग दोनदा खेळत नाही, प्रत्येक स्पर्श आधीच्या स्पर्शाची चूक किंवा पुण्याई घेऊन येतो. फुटबॉलमध्ये एखादा पठ्ठ्या पाच जणांना चकवून एकटा गोल करतो. इथे तसा पराक्रम शक्यच नाही, म्हणून हा खेळ अधिक आवडावा असा आहे.

72 वर्षांच्या वेलास्कोच्या संघाने पॅरिसचा तो अंतिम सामना 3-0 जिंकला. इटलीचं व्हॉलीबॉलमधलं हे पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. सबंध स्पर्धेत त्यांनी एकच सेट गमावला.

इटलीचा विषय निघाला की जिमी जॉर्ज आठवायलाच हवा. केरळमधल्या पेरावूरचा हा खेळाडू इटलीच्या क्लबांकडून खेळला, 1986च्या सोल आशियाई खेळांत कांस्य जिंकणाऱ्या भारतीय संघात होता आणि 30 नोव्हेंबर 1987 रोजी इटलीतच मोटार अपघातात गेला, वयाच्या अवघ्या 32व्या वर्षी. ब्रेशिया प्रांतातल्या मोंतिकियारी गावात त्याच्या नावाचं क्रीडागृह आहे, पालाजॉर्ज. परक्या देशाने आपल्या माणसाचं नाव इतक्या आपुलकीने जपावं आणि आपल्याकडे केरळबाहेर ते फारसं कुणाच्या ओठी नसावं, याची खंत वाटते.

प्राइम व्हॉलीबॉल लीगमध्ये 2023पासून मुंबईचाही संघ आहे. कधी प्रत्यक्ष सामना बघायचा योग आला तर बाजूची, जाळ्यासमोरची महागडी खुर्ची सोडून द्यावी. सर्व्हिस रेषेच्या मागे, जरा उंचावर बसावं. तिथून सहाही जागा एका नजरेत मावतात, समोरचा ब्लॉक कुठे फटीसारखा उघडतोय ते दिसतं आणि मिडल ब्लॉकर उगाच हवेत झेप घेऊन समोरच्या दोघांना फसवतो, तेही. तिकीट काढताना हीच रांग मागून घ्यावी.