नांग्या भरताना

मृगाचा पाऊस पडून आठवडा उलटला की मुकुटबनच्या शिवारात असे एक काम निघते, की ज्याची नोंद पटवाऱ्याच्या दप्तरात होत नाही आणि ज्याची मजुरीही पुष्कळदा हिशेबात धरली जात नाही. सरकी टोबली म्हणजे प्रत्येक ठिकाणी ती उगवतेच असे नाही; कुठे मुंगळे बी ओढून नेतात, कुठे ढेकळाखाली कोंब गुदमरतो, कुठे धूळपेरणीच्या घाईत ओल पुरलेली नसते; आणि मग दोन-दोन पानांच्या त्या कोवळ्या हिरव्या ओळीत मधेमधे काळ्या मातीच्या रिकाम्या जागा राहून जातात. त्या जागा म्हणजे नांग्या. पेरणीतून उरलेले बी ओटीत बांधून, तासातासाने वाकत, त्या जागा पुन्हा टोबीत जाणे म्हणजे नांग्या भरणे. या कामात त्वरा चालत नाही आणि उशीरही चालत नाही. कारण आठ-दहा दिवसांची मुदत टळली, तर मागाहून आलेले रोप शेजारच्या झाडांच्या सावलीत सापडते आणि मग त्याला मान वर काढता येत नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, झरी-जामणी तालुक्यातले हे गाव. पैनगंगेपलीकडे तेलंगण सुरू होतो. माजरीहून आदिलाबादेकडे जाणारी आगगाडीची वाट गावाला स्पर्श करून जाते, बाजारात मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते, आणि आसपासच्या कोलामांच्या पोडांवर गेले तर कोलामी व गोंडी ऐकू येते. जमीन काळी, कपाशीची. तिच्याखाली चुनखडी, आणि त्या चुनखडीसाठी अलीकडे उभा राहिलेला सिमेंटचा कारखाना. कोणाच्या मुलाला तिथे नोकरी लागली, कोणाच्या वावराजवळून मालमोटारींची रांग सुरू झाली. परंतु जून महिना उजाडला की नोकरीवालाही सवयीने आभाळाकडे पाहतोच. ज्या मुलखात वर्षाचा जमाखर्च चार पावसांच्या अंतरावर अवलंबून असतो, तेथे आशा हा चिंतनाचा विषय राहत नाही. बियाणे, खत आणि मजुरी यांच्या खर्चाबरोबरच तीही दरसाल नव्याने उभी करावी लागते.

आणि ती प्रत्येक वेळी उभी राहतेच, असे म्हणण्याचे धाडस या जिल्ह्यात तरी कोणी करू नये. १९ मार्च १९८६ रोजी याच जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी आणि चार लेकरांसह आपले जीवन संपविले. शेतकरी आत्महत्यांच्या दुर्दैवी परंपरेचा आरंभ लोक त्या दिवसापासून मोजतात, आणि अलीकडे दरवर्षी त्या तारखेस कित्येक जण अन्नत्याग करून ते स्मरण जागवतात. पुढे २००६ साली खुद्द पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. पैशाची गरज नव्हती असे कोण म्हणेल? पण ज्या घरातला कर्ता गेला, त्या घरच्या बाईला तहसील कचेरीत सातबारा, कर्जाचा दाखला आणि पंचनामा रुजू करून, आपल्या नवऱ्याचे मरण ‘पात्र’ ठरते की ‘अपात्र’ या निकालाची वाट पाहावी लागते, हे ज्याने कधी काळी ऐकले असेल, त्याला सरकारी खजिन्यातून कोणती वस्तू वाटता येते आणि कोणती येत नाही, हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

आशा ही अंतःकरणात आपोआप झिरपणारी वस्तू आहे, अशी आपली एक गोड समजूत असते. काही धीरोदात्त पुरुषांच्या ठायी ती जन्मतःच विपुल असावी आणि आपण सामान्यांनी ती त्यांच्याकडून कर्जाऊ आणावी, असेही पुष्कळांना वाटते. म्हणून तर गावोगाव ध्वनिक्षेपक लावून मनोबल वाढविणारी व्याख्याने होतात, टाळ्या पडतात, आणि वक्त्याची मोटार वणीच्या रस्त्याला लागण्यापूर्वीच श्रोत्यांचे मन आपापल्या बोज्याखाली पूर्ववत वाकते. माझे मत या बाबतीत हळूहळू निराळे होत गेले. आशा आधी दुसऱ्याला द्यावी लागते, आणि ती देण्याच्या ओघातच ती आपल्यापाशी होती असे आपल्याला कळते. देण्यापूर्वी ती शोधायला गेलेला माणूस बहुधा रिकाम्या हाताने परततो. हे तर्कशास्त्रात बसत नाही, याची मला कल्पना आहे. पण माणसाच्या व्यवहारातल्या कितीतरी गोष्टी तर्कशास्त्राच्या सरहद्दीबाहेर बिनतक्रार नांदत असतात.

एका जूनमध्ये गावाबाहेरच्या वाटेने जाताना एक तरुण शेतकरी धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसलेला दिसला. पेरून झाले होते, पाऊस ओढ देऊन बसला होता, आणि उगवण अशी विरळ, की अर्धे वावर डोक्याला चाई पडल्यासारखे दिसत होते. दुबार पेरणीपुरते पैसे त्याच्यापाशी नव्हते. सावकाराकडे जायचे की नाही, या विचारात तो बसला असावा. इतक्यात शेजारच्या वावरातली एक म्हातारी, लुगड्याचा ओचा वर खोवून, ओटीत सरकीची पुरचुंडी घेऊन धुरा ओलांडून आली. तिने त्याचे सांत्वन केले नाही. वर आभाळाकडे बोट दाखवून देवाचेही नाव घेतले नाही. ती एवढेच म्हणाली, “काहून बसला बापू? ऊठ. तू तिकडचं तास धर, इकडचं माह्याकडं. बी उरलं हाय माह्यापाशी.” तो उठला. उठला तो काही तेजस्वी निश्चयाने नव्हे. म्हातारी माणूस आपल्या वावरात वाकले असता आपण सावलीत बसून राहणे बरे दिसत नाही, एवढ्याच लाजेने उठला, असे मला वाटते. पण उठला. ती दोन बोटांनी माती उकरी, सरकीचे दोन दाणे टाकी, पायाच्या अंगठ्याने माती लोटी आणि पुढच्या रिकाम्या जागेकडे सरके. तिच्या स्वतःच्या वावरातही नांग्या होत्याच. त्या दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून भरल्या.

हा प्रसंग मी येथे चमत्कार म्हणून सांगत नाही. त्या वर्षी त्या तरुणाला किती क्विंटल कापूस झाला, याची मी चौकशी केली नाही, आणि मागाहून टोबलेले झाड शेवटपर्यंत थोडे मागेच राहते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बोंडे मात्र त्यालाही धरतात.

वणीहून वरोऱ्याच्या वाटेला लागून वर्धा नदी ओलांडली, की सकाळी निघालेला माणूस ऊन चढायच्या आत कुष्ठरोग्यांच्या आनंदवनात पोचतो. आणि आमच्या या मुलखात आशेविषयी बोलायचे तर त्या वाटेने गेल्यावाचून गत्यंतर नाही. १९१४ साली हिंगणघाटला एका जमीनदार घराण्यात जन्मलेले, वरोऱ्यास वकिली केलेले मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे, पावसात भिजत पडलेल्या तुळशीराम नावाच्या एका कुष्ठरोग्याला पाहून प्रथम भयाने पळाले होते, ही गोष्ट स्वतः बाबांनीच सांगून ठेवली आहे; आणि मला तर त्यांच्या चरित्रातील पुढील सर्व सन्मानांपेक्षा हे पळणे आणि मग त्या भयाची शरम वाटून परतणे अधिक मोलाचे वाटते. महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ ची. १९५१ साली पत्नी साधनाताई, दोन चिमुकली मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर त्या खडकाळ, झुडपी, साप-विंचवांच्या माळावर संसार मांडला गेला. पहिले मोठे काम निघाले ते विहिरीचे. ज्यांच्या हातांची बोटे झडली होती, त्या हातांनी ती खणली.

तेथवर तरी ही कथा परोपकाराच्या इतर कथांसारखीच आहे, असे कोणी म्हणू शकेल. तिचे खरे वैशिष्ट्य पुढे आहे. रुग्णांनी पिकविलेली भाजी विकत घ्यायला वरोऱ्याचे गिऱ्हाईक कचरत असे. स्पर्शाचे भय इतके, की वांग्या-टोमॅटोलाही रोग चिकटला असावा, अशी शंका शिकलीसवरलेली माणसेसुद्धा घेत. पन्नाशीच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे देशोदेशीचे तरुण स्वयंसेवक तेथे येऊन राहिले, रुग्णांच्या बरोबरीने त्यांनी घमेली उचलली, आणि परमुलखातील माणसे जेवतात तर आपण का नाही, या विचाराने गावाची भीड चेपत गेली. आणि मग साठीच्या दशकात त्या बहिष्कृतांनी काय केले? ज्या समाजाने त्यांना वेशीबाहेर घालविले होते, त्याच समाजाच्या मुलांसाठी त्यांनी आपल्या हातांनी महाविद्यालयाची इमारत उभी केली. आनंदनिकेतन. दान घेणाऱ्याने दात्याच्या मुलांना शिक्षण दान करावे, असा हा उलटा व्यवहार! निरोगी तरुणांनी, ज्यांच्या वाऱ्यालाही त्यांचे आईबाप उभे राहत नव्हते अशांनी रचलेल्या भिंतींच्या सावलीत बसून परीक्षा दिल्या. कुष्ठरोग्याला औषध मिळाले, अन्न मिळाले, आसरा मिळाला, यामुळे त्याची आशा परतली असेल. परंतु ती त्याच्या अंगी मुरली ती मात्र, आपल्यापाशीही दुसऱ्याला देण्यासारखे काही आहे हे त्याला उमगले त्या दिवशी, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही.

एक योगायोग मला फार दिवस छळीत आला आहे. डिसेंबर १९८५ मध्ये, मणक्याच्या व्याधीमुळे बसणेही अशक्य झालेले एकाहत्तर वर्षांचे बाबा, गाडीत आडवे पडून, सायकलींवरील तरुणांसह कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने ‘भारत जोडो’ म्हणत निघाले. ती यात्रा उत्तरेकडे सरकत असतानाच, इकडे त्यांच्या शेजारच्या जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या त्या कुटुंबाचा शेवट झाला. यात कोणाचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. आशेचा एवढा मोठा झरा एका नदीच्या अंतरावर असूनही तो प्रत्येक उंबऱ्यापर्यंत पोचत नाही, इतकेच मला दिसते. उंबऱ्यापर्यंत जायला शेजारीच लागतो.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळास ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा उद्घाटकाच्या आमंत्रणावरून झालेले वादंग वाचकांच्या स्मरणात असेल. त्या वादाची उजळणी आता कशाला? त्यातून निघालेली एक गोष्ट मात्र टिकाऊ आहे. उद्घाटनाला अखेर उभ्या राहिल्या त्या कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बायकांनीच ‘तेरवं’ हे नाटक रंगभूमीवर आणले होते, श्याम पेठकरांनी लिहिलेले आणि हरीश इथापे यांनी बसविलेले. वैशाली येडे त्यांपैकीच एक, आणि त्यात त्या भूमिका करीत. ज्या दुःखाने माणूस घराचे दार लावून घेतो, ते दुःख या बायकांनी गावोगाव नेऊन लोकांपुढे मांडले, आणि प्रेक्षकांत बसलेल्या, अजून दार लावून घेतलेल्या दुसऱ्या एखादीला, आपण एकट्या नाही, एवढे तरी कळले असेल. मला विचाराल तर त्या मांडवात त्या दिवशी वाङ्मयाची जी काही सेवा झाली, ती या बाईच्या भाषणात झाली.

हे सारे भावनेच्या भरात चालले आहे, असा आक्षेप येईल म्हणून एक आकडा सांगून ठेवतो. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा एक उपक्रम झाला, आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यात मुख्य भार मोठ्या डॉक्टरांवर नव्हता. थोडे शिक्षण दिलेल्या गावपातळीवरील माणसांनी घरोघर जाऊन बसावे, विचारपूस करावी, उदासी हा आजार आहे व त्याला उपाय आहे हे सांगावे, आणि जरूर तेथे पुढे पाठवावे, अशी योजना होती. दीड वर्षात, उदासीच्या आजाराने ग्रासलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे, जे आधी शंभरात जेमतेम चार होते, ते सत्तावीसपर्यंत गेले. ओसरीवर येऊन बसणारा माणूस नवा होता.

तेव्हा वाचकहो, या जूनमध्ये तुमच्या ओळखीचा कोणी धुऱ्यावर फार वेळ बसलेला दिसला, बोलेनासा झाला, जेवण टाळू लागला, घेण्यादेण्याचा हिशेब अकारण मिटवू लागला, तर त्याला फोनवरून सुविचार पाठवू नका, त्याच्याकडे जा. आपल्या मनाची स्थिती बरी असेल तेव्हाच जाईन, असेही म्हणू नका. त्याचे काय चालले आहे ते सरळ विचारा, उत्तर ऐकून घ्या, आणि हाताशी काम असेल तर दोघे मिळून करा. प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचे वाटले, तर टेलिमानसचा क्रमांक १४४१६ आहे. तो सरकारी आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि मराठीतून बोलता येते. तो स्वतःसाठीही लावता येतो.